बास्केटबॉलच्या बळावर परदेशी शिक्षण : तयारी नववीपासूनच हवी

खास प्रतिनिधी, जालना

दहावीचा निकाल लागला, की मराठवाड्यातील शाळांची मैदाने ओस पडू लागतात. कुंडलिकेच्या काठचा जुना जालनाही त्याला अपवाद नाही. शाळेच्या संघातून तालुका, जिल्हा, विभाग अशा पायऱ्या चढत आलेला मुलगा अकरावीत लातूर किंवा नांदेडच्या क्लासला रवाना होतो; मुलीचा खेळ तर पुष्कळदा त्याआधीच सुटलेला असतो. नेमक्या याच वयात अमेरिकेतील महाविद्यालयांचे प्रशिक्षक नव्या खेळाडूंशी संपर्क साधू लागतात. आपल्याकडे खेळ थांबण्याचे आणि तिकडे निवड सुरू होण्याचे वय एकच असावे, हे या विषयातील मोठे दुर्दैव होय.

बास्केटबॉल खेळून परदेशात शिक्षणाची शिष्यवृत्ती मिळते, हे आता पालकांच्या कानावर आले आहे. ती कोणाला मिळते, कशासाठी मिळते आणि तिच्यासाठी कोणती कागदपत्रे कधी तयार ठेवावी लागतात, याची माहिती मात्र महानगरांबाहेर फारशी पोहोचलेली नाही. उंच मुलाला चांगला प्रशिक्षक मिळाला की काम झाले, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात हा मार्ग मैदानाइतकाच गुणपत्रिकेवरून जातो आणि त्या गुणपत्रिकेची मोजणी नववीपासून सुरू होते.

शिष्यवृत्ती देते कोण?

खेळासाठी शिष्यवृत्ती देण्याची सर्वांत विस्तृत व्यवस्था अमेरिकेत आहे. तेथील आंतरमहाविद्यालयीन खेळांचे नियमन मुख्यतः तीन संघटना करतात. त्यातील सर्वांत मोठी म्हणजे एनसीएए. सुमारे अकराशे शिक्षणसंस्था तिच्या सदस्य असून, त्यांचे तीन विभाग आहेत. डिव्हिजन-१ मध्ये साडेतीनशेहून अधिक संस्था येतात आणि दूरचित्रवाणीवर दिसणारे सामने बहुतांशी त्यांचेच असतात. डिव्हिजन-२ मधील संस्था प्रायः अंशतः शिष्यवृत्ती देतात. डिव्हिजन-३ मध्ये खेळाच्या आधारे शिष्यवृत्ती देण्यास मनाई असून, तेथे केवळ गुणवत्ता किंवा आर्थिक गरज पाहून मदत मिळते. हार्वर्ड, प्रिन्स्टन यांसारखी आयव्ही लीगमधील विद्यापीठे डिव्हिजन-१ मध्ये असूनही खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते.

दुसरी संघटना एनएआयए. तिच्यात प्रामुख्याने लहान खासगी महाविद्यालये असून त्यांची संख्या अडीचशेच्या आसपास आहे. तिसरी एनजेसीएए ही दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या महाविद्यालयांची संघटना. अशा महाविद्यालयात दोन वर्षे शिकून व खेळून पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात बदली घेणारे खेळाडू पुष्कळ असतात. इंग्रजी कच्चे असलेल्या किंवा पात्रता थोडक्यात हुकलेल्या विद्यार्थ्याला हा मार्ग अधिक सोयीचा ठरतो.

डिव्हिजन-१ मध्ये अनेक वर्षे पुरुषांच्या संघाला १३ आणि महिलांच्या संघाला १५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. ६ जून २०२५ रोजी न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर, त्या व्यवस्थेत सामील झालेल्या विद्यापीठांसाठी ही मर्यादा जाऊन तिच्या जागी संघात जास्तीत जास्त १५ खेळाडू ठेवण्याची मर्यादा आली. डिव्हिजन-२ मध्ये प्रत्येक संघासाठी दहा पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकी रक्कम असते आणि ती अनेक खेळाडूंमध्ये वाटता येते. पूर्ण शिष्यवृत्तीत शिकवणी शुल्क, निवास, भोजन व पुस्तके यांचा खर्च येतो. अंशतः शिष्यवृत्ती असल्यास उरलेला भार कुटुंबावर पडतो. डॉलरच्या भावाने तो मोजला, तर 'निम्मी शिष्यवृत्ती' हे शब्द ऐकताना वाटतात तितके दिलासा देणारे नसतात.

मुलींच्या पालकांनी एक बाब विशेष लक्षात घ्यावी. १९७२ मध्ये अमेरिकेत संमत झालेल्या 'टायटल नाइन' या कायद्याने सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदास मनाई केली. त्यामुळे महाविद्यालयांना मुलींचे संघ आणि त्यांच्या शिष्यवृत्त्या उभाराव्या लागल्या. घरचा विरोध पत्करून खेळत राहणाऱ्या आपल्याकडील मुलीसाठी ही दारे मुलांइतकीच उघडी आहेत.

अन्य देशांत इतकी मोठी व्यवस्था नाही. कॅनडातील विद्यापीठांची खेळ-शिष्यवृत्ती शिकवणी व अनिवार्य शुल्कापुरती मर्यादित असते. ब्रिटन व ऑस्ट्रेलियातील काही विद्यापीठे खेळाडूंना मदत देतात, परंतु ती पूर्ण खर्च भागविणारी क्वचितच असते.

आधी गेलेले खेळाडू

भारतीय बास्केटबॉलमध्ये या मार्गाची चर्चा २०१० पासून जोरात सुरू झाली. त्या वर्षी आयएमजी-रिलायन्स यांच्या उपक्रमातून देशभरातील आठ मुलामुलींची निवड होऊन त्यांना फ्लोरिडा राज्यातील ब्रेडेंटन येथील आयएमजी अकादमीत शिक्षण व प्रशिक्षणासाठी पाठविण्यात आले. त्यात पंजाबच्या बरनाला जिल्ह्यातील बल्लो के या गावचा सतनाम सिंग होता. लुधियानाच्या अकादमीत घडलेला, सात फुटांहून अधिक उंचीचा हा मुलगा तेव्हा अवघ्या चौदा वर्षांचा होता. २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडले आणि एनबीएच्या निवड प्रक्रियेत स्थान मिळविणारा तो पहिला भारतीय ठरला.

या यशाची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. अमेरिकेत उतरला तेव्हा सतनामला इंग्रजी जवळजवळ येत नव्हते. अभ्यासात तो मागे राहिला आणि महाविद्यालयीन बास्केटबॉलसाठी लागणाऱ्या शैक्षणिक पात्रतेची अडचण उभी राहिल्याने त्याला थेट व्यावसायिक निवड प्रक्रियेकडे वळावे लागले. एनबीएच्या नियमित हंगामातील सामना त्याच्या वाट्याला आला नाही. पुढे तो व्यावसायिक कुस्तीकडे गेला. एनबीएने निवडलेल्या खेळाडूलाही महाविद्यालयाचे दार उघडले नाही, यातून गुणपत्रिकेचे महत्त्व ध्यानात यावे.

त्याच तुकडीतील कविता अकुला ही पुढे ग्रँड कॅनियन विद्यापीठाकडून डिव्हिजन-१ मध्ये खेळली. बंगळुरूची संजना रमेश नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठाच्या संघात दाखल झाली. २०१७ मध्ये ग्रेटर नोएडा येथे एनबीए अकादमी सुरू झाल्यानंतर आणखी काही नावे पुढे आली. हरसिमरन कौर हिने सॅन दिएगो विद्यापीठात, तर अमान संधू याने मॉन्मथ विद्यापीठात प्रवेश मिळविला. या सर्वांमध्ये एक साम्य आढळते. महाविद्यालयात जाण्यापूर्वीच त्यांच्या पाठीशी शाळा, प्रशिक्षक आणि कागदपत्रे सांभाळणारी संस्था होती. एकट्या मुलाने किंवा त्याच्या पालकांनी सारे काही स्वतः जुळवून आणल्याची उदाहरणे विरळाच.

महाराष्ट्राचे चित्र

महाराष्ट्राला बास्केटबॉलची परंपरा आहे आणि ती मोठ्या क्रीडासंकुलांपेक्षा वस्त्यांमधील मैदानांवर वाढली, हे जालन्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. मुंबईच्या नागपाड्याचेच उदाहरण घ्या. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२० च्या दशकात तेथे 'नेबरहूड हाऊस' हे समाजकेंद्र उभे केले. त्या दाटीवाटीच्या वस्तीत बास्केटबॉल रुजला आणि एकाच मोहल्ल्यातून अनेक आंतरराष्ट्रीय खेळाडू निघाले. भारताचे कर्णधारपद भूषविणारे व १९७० मध्ये अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरलेले अब्बास मुंतसिर हे त्याच नागपाड्याचे. एक कोर्ट, रोज संध्याकाळी तेथे येणारी ज्येष्ठ मंडळी आणि त्यांच्याकडे पाहून शिकणारी मुले एवढ्या भांडवलावर ही परंपरा उभी राहिली.

पुणे आणि नागपूर ही राज्यातील अन्य दोन केंद्रे. पुण्याची शिरीन लिमये हिने भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले. नागपूरची सिया देवधर हिने देशाचे प्रतिनिधित्व करण्याबरोबरच एनबीए अकादमीच्या महिलांसाठीच्या उपक्रमात स्थान मिळविले.

मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे यांची गोष्टही येथे उल्लेखनीय ठरते. सोळाव्या वर्षी एमआयटीत प्रवेश मिळाला, तेव्हा परकीय चलनाची परवानगी मिळेपर्यंत आपण रिझर्व्ह बँकेत ठाण मांडून बसलो होतो, असे त्यांनी सांगितले आहे. २०१३ मध्ये ते सॅक्रामेंटो किंग्ज या एनबीए संघाचे प्रमुख मालक झाले. ४ व ५ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबईत वरळीच्या बंदिस्त स्टेडियमवर भारतातील पहिले एनबीए सामने झाले, त्यात त्यांचाच संघ इंडियाना पेसर्सविरुद्ध खेळला. पहिल्या दिवशी प्रेक्षागृह सुमारे तीन हजार शालेय मुलामुलींनी भरले होते.

जालन्यात गुणवत्तेचा अभाव आहे, असे मानण्यास आधार नाही. जालन्याच्याच विजय झोल याने २०१४ च्या १९ वर्षांखालील क्रिकेट विश्वचषकात भारताचे नेतृत्व केले होते. क्रिकेटला स्पर्धा आणि निवडीची ठरलेली साखळी आहे. गुणी मुलगा लहान गावातला असला तरी तिच्या नजरेतून सहसा सुटत नाही. बास्केटबॉलमध्ये ही साखळी राष्ट्रीय स्पर्धेपाशी संपते. तेथून परदेशी महाविद्यालयापर्यंतचा पूल प्रत्येकाला स्वतः बांधावा लागतो.

पात्रतेचे गणित

एनसीएएच्या डिव्हिजन-१ किंवा डिव्हिजन-२ मध्ये खेळू इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला संघटनेच्या पात्रता केंद्राकडे नोंदणी करावी लागते. हे केंद्र दोन गोष्टी तपासते : विद्यार्थ्याचे शिक्षण आणि त्याचा हौशी खेळाडूचा दर्जा.

शिक्षणाच्या बाबतीत नववी ते बारावी या चार वर्षांतील १६ मुख्य विषय ग्राह्य धरले जातात. डिव्हिजन-१ साठी त्यांची विभागणी अशी : इंग्रजीची चार वर्षे, गणिताची तीन, विज्ञानाची दोन, सामाजिक शास्त्रांची दोन, या पहिल्या तीन विषयांपैकी आणखी एक वर्ष, आणि उरलेली चार वर्षे यांपैकी कोणताही विषय, परकीय भाषा, तत्त्वज्ञान आदींची. या विषयांत चारपैकी किमान २.३ सरासरी आवश्यक असते. डिव्हिजन-२ साठी ती २.२ आहे. आपल्याकडील गुणांचे या श्रेणीत रूपांतर पात्रता केंद्रच करते. सॅट किंवा ॲक्ट परीक्षेची अट एनसीएएने जानेवारी २०२३ मध्ये काढून टाकली. तथापि एखादे विद्यापीठ स्वतःच्या प्रवेशासाठी ती मागू शकते.

आपल्या राज्यातील विद्यार्थ्याची गफलत नेमकी कोठे होते, ते यावरून दिसेल. दहावीनंतर खेळाला वेळ मिळावा म्हणून अनेक खेळाडू कला शाखा घेतात आणि गणित सोडून देतात. तसे केल्यास गणिताच्या तिसऱ्या वर्षाचा प्रश्न निर्माण होऊ शकतो. अकरावीचा अर्ज भरण्यापूर्वीच विषयांची यादी या निकषांशी ताडून पाहिली, तर ही अडचण टळते.

दुसरी गफलत वर्षांची. डिव्हिजन-१ साठी हे मुख्य विषय नववीत प्रवेश घेतल्यापासून चार वर्षांच्या आत पूर्ण व्हावे लागतात. आणखी एक वर्ष खालच्या वयोगटात खेळता यावे म्हणून मुलाला त्याच वर्गात बसविणे किंवा बारावीनंतर 'ड्रॉप' घेऊन स्पर्धा खेळत राहणे, हे प्रकार येथे अंगाशी येतात. शालेय शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभराच्या आत महाविद्यालयात प्रवेश न घेता संघटित स्पर्धा खेळत राहिल्यास खेळण्याची वर्षे कमी होऊ शकतात. वयाच्या दाखल्यातील फेरफार तर सर्वस्वी घातक ठरतो. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, पारपत्र आणि स्पर्धांच्या प्रवेशिका यांतील तारखा एकमेकींशी जुळल्या नाहीत, तर पुढचे सारे थांबते.

हौशी दर्जाविषयी नियम अलीकडे पुष्कळ बदलले आहेत आणि पुढेही बदलतील. तरीही एक पथ्य कायम ठेवावे : व्यावसायिक लीगशी किंवा एजंटाशी कोणताही करार करण्यापूर्वी पात्रता केंद्राचे नियम पाहावेत, आणि स्पर्धांतून मिळालेल्या रोख बक्षिसांची व झालेल्या खर्चाची नोंद ठेवावी.

कागद आणि भाषा

दहावी व बारावीच्या गुणपत्रिका मंडळाकडून मिळतात. हरवल्यास छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय मंडळाकडून दुसरी प्रत मिळविता येते. नववी आणि अकरावीचे तसे नाही. त्या गुणपत्रिका शाळा व कनिष्ठ महाविद्यालय देते आणि मराठी माध्यमाच्या शाळेत त्या बहुधा मराठीत असतात. पात्रता केंद्राला मूळ भाषेतील प्रत आणि तिचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर अशी दोन्ही लागतात. चार वर्षांनंतर जुन्या प्रगतिपुस्तकासाठी धावपळ करण्यापेक्षा निकालाच्या दिवशीच मुख्याध्यापकांची सही-शिक्क्याची प्रत घेऊन ठेवणे शहाणपणाचे.

नावाचा प्रश्नही क्षुल्लक नाही. मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, पारपत्रावर नाव व आडनावाचे रकाने वेगळे असतात, आणि स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर क्रीडाशिक्षकाने घाईत लिहिलेले तिसरेच रूप आढळते. पारपत्र दहावीपूर्वीच काढून पुढील सर्व कागदांवर तेच नाव वापरल्यास पुष्कळ त्रास वाचतो.

इंग्रजीची तयारी ही या सर्वांहून अवघड बाब आहे. विद्यापीठे आयईएलटीएस, टोफेल किंवा तत्सम परीक्षेचे गुण मागतात. परीक्षा पार पडली तरी वर्गातील व्याख्यान समजणे, निबंध लिहिणे आणि सामन्याच्या मध्यंतरात प्रशिक्षक भराभर काय सांगतो आहे ते उमगणे, हे वेगळे कौशल्य होय. संघात टिकण्यासाठी तेथे दर सत्राला ठरावीक गुण राखावे लागतात. मराठी माध्यमातील मुलाला हे जमत नाही असे मुळीच नव्हे. त्याला त्यासाठी तीन-चार वर्षे द्यावी लागतात, इतकेच.

प्रशिक्षकांपर्यंत पोहोचायचे कसे?

अमेरिकी प्रशिक्षक जालन्यात येऊन खेळाडू पाहील, ही अपेक्षा व्यर्थ आहे. त्याच्यासमोर खेळाडू येतो तो चित्रफितीतून. मागे गाणे लावलेल्या, निवडक बास्केटच्या तुकड्यांपेक्षा एक-दोन पूर्ण सामन्यांचे स्वच्छ चित्रण अधिक उपयोगी पडते. त्यात बचाव, चेंडू हातात नसताना केलेली हालचाल, चूक झाल्यानंतरचे वर्तन हे सारे दिसते. जर्सीचा क्रमांक, बुटांशिवाय मोजलेली खरी उंची, वजन, खेळण्याची जागा, बारावी पूर्ण होण्याचे वर्ष आणि आजवरचे गुण एवढी माहिती सोबतच्या पत्रात हवी. वाढवून सांगितलेली उंची पहिल्या भेटीतच उघडी पडते.

पुरुषांच्या डिव्हिजन-१ संघांचे प्रशिक्षक दहावीच्या वर्षानंतरच्या १५ जूनपासून खेळाडूशी संपर्क साधू शकतात; महिलांच्या संघांचे व अन्य विभागांचे वेळापत्रक थोडे वेगळे आहे. खेळाडूने स्वतः पत्र पाठविण्यास मात्र केव्हाही आडकाठी नाही. नामवंत वीस विद्यापीठांना लिहून थांबण्यापेक्षा डिव्हिजन-२, एनएआयए व दोन वर्षांच्या महाविद्यालयांच्या शंभर प्रशिक्षकांना लिहिणे अधिक फलदायी ठरते.

प्रशिक्षकाने तोंडी दिलेला शब्द बंधनकारक नसतो. पूर्वी 'नॅशनल लेटर ऑफ इंटेंट' या कागदावर सही होत असे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो प्रकार बंद करण्यात आला. आता आर्थिक मदतीचा लेखी करार हाच आधार होय. तो एका वर्षाचा आहे की अधिक वर्षांचा, दुखापत झाल्यास काय, कोणता खर्च त्यात येत नाही, हे वाचूनच सही करावी.

पैसे मागणाऱ्यांपासून सावध

शिष्यवृत्तीच्या नावावर पालकांकडून मोठ्या रकमा मागणारे मध्यस्थ या क्षेत्रात आहेत. त्यांची पारख करण्यास एनसीएएचा एक नियमच उपयोगी पडतो. माहिती पोहोचविण्यासाठी ठरावीक शुल्क घेणारी सेवा चालते. परंतु मिळालेल्या शिष्यवृत्तीच्या रकमेवर टक्केवारी किंवा प्रवेश झाल्यासच मोबदला घेणारा मध्यस्थ एजंट समजला जातो आणि त्यामुळे खेळाडूचीच पात्रता धोक्यात येते. म्हणजे "काम झाले तरच पैसे द्या" हे आपल्याकडे प्रामाणिकपणाचे लक्षण वाटणारे बोलणे येथे सर्वांत धोक्याचे. 'हमखास प्रवेश' असे आश्वासन देणाऱ्यापासूनही दूर राहावे. प्रवेश विद्यापीठ देते आणि व्हिसा वाणिज्य दूतावास. दोन्ही कोणाच्या खिशात नसतात.

शालेय वयातच मुलाला अमेरिकेत पाठविण्याचा सल्लाही अनेकदा दिला जातो. तेथील सरकारी माध्यमिक शाळेत एफ-१ व्हिसावर जास्तीत जास्त बारा महिने शिकता येते आणि त्याचा पूर्ण खर्च कुटुंबाला भरावा लागतो. उरतात त्या खासगी निवासी शाळा. त्यांची लेखी आर्थिक मदत हाती नसेल, तर शेत विकून किंवा घर गहाण टाकून मुलाला पाठविणे हा जुगार होय. अमेरिकेतील शालेय संघांतून खेळणाऱ्या मुलांपैकीही सुमारे साडेतीन टक्केच एनसीएएच्या संघांपर्यंत पोहोचतात, हे एनसीएएचेच आकडे सांगतात.

शिष्यवृत्तीबाहेरचा खर्च

पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तरी काही खर्च चुकत नाही. विद्यार्थी नोंदणीचे सेव्हिस शुल्क ३५० डॉलर आहे. व्हिसाचे शुल्क २०२३ पासून १८५ डॉलर झाले असून, २०२५ च्या कायद्याने आणखी २५० डॉलरच्या शुल्काची तरतूद केली आहे. विमान भाडे, परीक्षांची शुल्के, भाषांतरे आणि मुंबईला मुलाखतीसाठी जाणे-येणे हे वेगळेच. निवास व भोजनापोटी मिळणारी शिष्यवृत्ती परदेशी विद्यार्थ्यासाठी करपात्र असते आणि तिच्यावर सर्वसाधारणपणे १४ टक्के कर कापला जातो, ही माहिती बहुतेकांना तेथे गेल्यावरच कळते. एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासच काम करता येते. नाव व प्रसिद्धीच्या जोरावर अमेरिकी खेळाडू २०२१ पासून जी कमाई करू लागले आहेत, तिच्या वाटेत परदेशी विद्यार्थ्यांना व्हिसाचे निर्बंध आड येतात.

सरकारी योजनांचा येथे फारसा आधार नाही. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना मोठा आधार देते. परंतु ती पदव्युत्तर शिक्षण व पीएच.डी. साठी आहे. बारावीनंतर पदवी शिक्षणासाठी जाणारा खेळाडू तिच्या कक्षेत येत नाही.

जालन्यात काय करता येईल?

पश्चिम आफ्रिकेतील सेनेगल या देशाचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. स्वतः शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकलेले अमादू गॅलो फॉल यांनी तेथे 'सीड' ही संस्था उभारली. उंच मुलांना निवासी शाळेत ठेवून शिक्षण, इंग्रजी व बास्केटबॉल एकत्र शिकवायचे आणि मग त्यांना अमेरिकेतील शाळा-महाविद्यालयांत पाठवायचे, असा तिचा क्रम. तेथे घडलेला गोर्गी डियेंग लुईव्हिल विद्यापीठाकडून खेळून २०१३ मध्ये एनबीएत पोहोचला. त्याच्या मागे राहिलेल्या अनेक मुलांच्या हाती पदवी आली, हे त्या संस्थेचे अधिक मोलाचे काम होय.

जालन्यात निवासी अकादमी लगेच उभी राहणार नाही. तथापि तिच्यातील काही भाग अल्प खर्चात येथेही उभा करता येतो. शहरात एका शिक्षकाने, क्रीडाशिक्षक असो वा इंग्रजीचा, दहा-बारा खेळाडूंच्या कागदपत्रांची जबाबदारी घेतली. आठवड्यातून तीन संध्याकाळी सरावानंतर तासभर इंग्रजीचा वर्ग भरला. जिल्हा व विभागीय सामन्यांचे तिपाईवर कॅमेरा लावून चित्रण झाले. आणि अकरावीतल्या खेळाडूंसाठी सरावाची वेळ क्लासच्या वेळेशी जुळवून सकाळी ठेवली, तर अर्धे काम होते. बियाणे आणि पोलाद उद्योगाने जालन्याला राज्यात नाव मिळवून दिले. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार सामाजिक दायित्वाचा निधी ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त व ऑलिंपिक खेळांच्या प्रशिक्षणावर खर्च करता येतो आणि बास्केटबॉल हा ऑलिंपिक खेळ आहे. शालेय स्तरावर एका खेळाडूची चार वर्षांची तयारी करून घेणे हे एखाद्या भव्य स्पर्धेच्या मंडपापेक्षा महाग नाही.

एवढे करूनही दहा-बारा मुलांतून एखाद्यालाच शिष्यवृत्ती मिळेल, कदाचित कोणालाच मिळणार नाही. परंतु या तयारीत वाया जाण्यासारखे काही नसते. इंग्रजी पक्के झालेला, गणित न सोडलेला आणि अठराव्या वर्षापर्यंत खेळत राहिलेला विद्यार्थी देशातील चांगल्या महाविद्यालयात जाऊ शकतो. राज्याच्या शासकीय सेवेत पात्र खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. रेल्वेनेही बास्केटबॉलपटूंना दीर्घकाळ नोकऱ्या दिल्या आहेत. दहावीनंतर खेळ सोडून दिलेल्याला मात्र यातील एकही दार उघडत नाही.

कोणत्या इयत्तेत काय करावे?

आठवी : जन्मदाखला, आधार व शाळेच्या नोंदीतील नाव-तारीख जुळवून घ्यावी. रोज इंग्रजी वाचन सुरू करावे.

नववी : गुणांची मोजणी येथून सुरू होते. वार्षिक निकालाची सही-शिक्क्याची प्रत जपावी. पारपत्र काढावे.

दहावी : सराव पूर्ण बंद करू नये. किमान दोन पूर्ण सामन्यांचे चित्रण करून ठेवावे.

अकरावी : विषय निवडताना गणित व इंग्रजी सोडू नये. पात्रता केंद्राकडे नोंदणी करावी. प्रशिक्षकांना पत्रे पाठविण्यास प्रारंभ करावा. इंग्रजीची परीक्षा द्यावी.

बारावी : विद्यापीठांचे प्रवेश अर्ज मुदतीत भरावेत. लेखी करार हाती आल्याशिवाय कोणालाही पैसे देऊ नयेत. प्रवेशपत्र व आय-२० मिळताच व्हिसाच्या मुलाखतीची वेळ घ्यावी, कारण ऑगस्टमध्ये तेथील सत्र सुरू होते.

बारावीनंतर : प्रवेश हुकल्यास वर्ष रिकामे न घालवता दोन वर्षांच्या महाविद्यालयांचा पर्याय तपासावा आणि येथील पदवी प्रवेशही हातचा सोडू नये.